पुढच्याची हाळी

डोलीच्या मागच्या गड्याला वाट दिसत नाही. ज्यानं खांद्यावर दांडा घेतलेला नाही त्याच्या हे लक्षात यायचं नाही, पण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. एक लांब दांडा, त्याला मधोमध टांगलेली डोली, पुढं एक गडी, मागं एक गडी. मागच्यानं बघायचं म्हटलं तरी काय दिसणार, तर डोलीचं कापड आणि त्याच्यावरून डोकावणारं पुढच्याचं मुंडासं. आपला पाय कुठं पडतोय ते त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून पुढच्यानं बोलायचं आणि मागच्यानं ऐकायचं, असा भुशीच्या वरच्या अंगाच्या वाडीतला डोलीवाल्यांचा रिवाज होता. सुटा दगड आला की पुढचा म्हणायचा, "गोटा." पाणी आडवं आलं की, "वव्हळ." पाय सरकायला लागला की, "निसर." मागच्यानं "आलं" म्हणायचं आणि पाऊल जपून टाकायचं. आणि पुढचा गप्प असला की वाट पक्की आहे असं धरून सगळा भार टाकायचा. म्हणजे पुढच्याचं गप्प राहणंही मागच्याला काहीतरी सांगत असायचं.

महिपती आबानं तीस पावसाळे हे काम केलं. मुंबईची माणसं पावसात लोणावळ्याला यायची, दऱ्या आणि धबधबे बघायची हौस करायची, आणि ज्यांचे पाय चालत नसत त्यांना आबा डोलीतून वाघदरीच्या कड्यापर्यंत न्यायचा आणि आणायचा. तीस वर्षांत त्याच्या डोलीतलं माणूस कधी भुईला टेकलं नव्हतं. स्टेशनाबाहेर डोल्यांचा अड्डा होता, तिथं जुनी गिऱ्हाइकं उतरली की आधी "महिपती आहे का?" विचारायची. आबाकडं शेत म्हणाल तर भाताची चार खाचरं, पोरबाळ नाही, अंगावर धडसं घोंगडं नाही. होतं ते हे नाव होतं.

कोंडाजी त्याचा पुतण्या. मानमोडीच्या तापाच्या साथीत आईबाप एकाच आठवड्यात गेले तेव्हा तो तीन वर्षांचा होता. आबानं आणि त्याच्या बायकोनं, बयाबाईनं, त्याला वाढवलं. बयाबाईला तो मावशी म्हणायचा, कारण ती त्याच्या आईची सख्खी बहीण. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. खांद्यावर दांडा कसा घ्यायचा, मान कुठल्या बाजूला कलवायची, उतारावर गुडघा कसा सैल सोडायचा, हे सगळं आबानंच त्याला शिकवलेलं. आता कोंडाजी अठ्ठावीस वर्षांचा बाप्या होता, रतनबाईसारखी कामाची बायको होती, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या मनात भीती बसली होती.

झालं असं होतं की गेल्या साली रिकामी डोली आणताना तो एकदा घसरला. डाव्या पायाची दोन बोटं फुटली, एक नख मुळातून गेलं. बोटं बरी झाली पण भीती काही जाईना. ओला कातळ दिसला की पाऊल उचलायचं नाही, आणि डोलीवाल्याला असलं काही बोलून दाखवता येत नाही.

ते लढाईचं चौथं वर्ष. मुंबई-पुणे रस्त्यावरून लष्कराच्या मोटारी सारख्या ये-जा करायच्या. एका सकाळी खंडाळ्याच्या वळणावर अशीच एक मोटार चिखलात रुतली. चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, चिखल उडायचा आणि मोटार इंचभर हलेना. मग तिचा डायव्हर उतरला, त्यानं मागच्या चाकांना जाड साखळ्या गुंडाळल्या, आणि तीच मोटार गुरगुरत चढ चढून गेली. कोंडाजी इरल्याखाली उभा राहून बघत होता.

"चाकाला दात बसवल्यावानी झालं," तो घरी येऊन रतनबाईला सांगत होता. "चिखलाला चावत चावत गेली बघ वर."

"आता तुमच्या पायाला बी दात बसवा," रतनबाई भाकरी थापता थापता म्हणाली. ती थट्टेनं म्हणाली होती, पण यानं ते खरं केलं.

बाजारात एक जुन्या मालाचा दुकानदार लष्करातून मोडीत निघालेले बूट विकायचा. कोंडाजीनं आंबेमोहोर तांदूळ मोजून दिला आणि एक जोड आणला. चामडं जाडजूड, पण तळाचे खिळे निम्मे झडलेले. तो तसाच कार्ल्याला अंबाजी चांभाराकडं गेला. अंबाजीनं बूट उलटे करून बघितले.

"हे खिळं मला मिळायचं न्हाईत. बैलाच्या खुराच्या पत्रीला मारत्यात तसलं हाईत, उंच डोक्याचं. चालतील का?"

"बैल घसरत न्हाई नव्हं त्येनं?"

"बैल न्हाई घसरत. तुझं मला ठावं न्हाई," अंबाजी म्हणाला आणि हसत हसत एकेका तळव्याला पंधरा खिळे ठोकून दिले, टाचेला लोखंडी नाल वेगळी.

वाडीत पहिल्या दिवशी लोक बघायला जमले. दगडी पायरीवर बूट वाजले की कुत्री भुंकायची. मावशी म्हणाली, "आता आत येताना पाय धू म्हनायची सोय ऱ्हायली न्हाई. चूल फोडशील, दारातच काढ ती." आबा तेवढा हसला नाही. त्यानं एक बूट हातात घेतला, खिळ्यांवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला.

"पाय बघत असतोय कोंडा. आपल्या डोळ्याआधी त्याला दिसतं. तू त्याला झापड बांधलीस."

"पडन्यापरास बरं न्हवं का आबा?"

"बघ बाबा. तुझं पाय हाईत."

पण बुटांनी काम केलं हे मान्य करावं लागेल. लाल चिखलात जिथं बाकीचे बोटं रुतवून, ढुंगण मागं काढून उतरायचे तिथं कोंडाजी ताठ चालायचा. खिळे चिखल फोडून खालच्या मुरमात बसायचे. भीती गेली, चाल आली. अड्ड्याचा मुकादम दत्तोबा, त्यानं आठ दिवसांत हेरलं की गिऱ्हाईक बूट बघून खूश होतं. त्यानं हुकूम सोडला, "कोंडाजी पुढं. बूटवाला कायम पुढं ऱ्हाईल." तोवर आबाच्या डोलीला अवघड वाटेत आबा पुढं असायचा, एरवी पुढं-मागं आळीपाळीनं चालायचं. आबा दांड्याच्या मागच्या टोकाला गेला.

श्रावणातला दुसरा सोमवार होता. भाताची आवणी होऊन गेलेली, बायका खाचरात तण काढायला, बेणणीला लागलेल्या. मुंबईच्या एक म्हाताऱ्या बाईसाहेब दर साली लोणावळ्याच्या बंगल्यात चार महिने राहायच्या. अंगानं अगदी चिमणीएवढ्या, गुडघे गेलेले, आणि दर श्रावणात एकदा वाघदरी बघायचा त्यांचा नेम. न्यायचं ते आबानंच. यंदाही त्यांनी आबालाच सांगितलं होतं. आबा मागं, कोंडाजी पुढं, आणि खांदेबदलीला नथू आणि ठाकरवाडीचा शिदू.

जाणं सुखरूप झालं. येताना पाऊस वाढला. नथू आणि शिदू इरली डोक्यावर घेऊन चाळीस-पन्नास पावलं मागून येत होते. भुशीच्या तलावाच्या अलीकडं एक उतरण आहे, तिरकी, लांबट, वर हिरवं शेवाळ आणि खाली लाल चिखलाचा पातळ थर. तिथं आजवर प्रत्येक पुढच्यानं वरपासून खालपर्यंत "निसर, निसर" म्हटलेलं आहे. कोंडाजी त्या उतरणीवर आला. त्याचे खिळे शेवाळ फाडून आत बसले. पायाखाली काही हललं नाही. आदल्या दिवशी दत्तोबा म्हणाला होता, की पुढच्या साली तुझ्या नावाचीच डोली काढू; ते त्याच्या डोक्यात घोळत होतं. पाय म्हणत होता वाट पक्की आहे. तो गप्प चालला.

मागं आबानं सगळा भार देऊन पाऊल टाकलं. तेही कुठं, तर कोंडाजीच्या टाचेनं शेवाळ सोलून नुसता गुळगुळीत चिखल उघडा केला होता तिथं.

आवाज लहानसाच झाला. ओलं लाकूड मोडावं तसा. दांडा कोंडाजीच्या खांद्यावर एकदम रेटला, डोली पुढं घसरली आणि त्याच्या पाठीवर आपटली. खिळे रोवलेले होते म्हणून तो उभा राहिला. दोन्ही हात मागं करून त्यानं डोली धरली. बाईसाहेबांना खरचटलंसुद्धा नाही. नथू-शिदू धावत आले आणि त्यांनी डोली उचलून धरली. तेव्हा कोंडाजीनं मागं वळून बघितलं. आबा उताणा पडला होता, पाऊस त्याच्या उघड्या डोळ्यांत पडत होता आणि उजवी मांडी भलत्याच दिशेला वळली होती.

"बाई?" आबानं विचारलं.

"बऱ्या हाईत आबा. काय झालं न्हाई त्यांस्नी."

आबानं डोळे मिटले. मग म्हणाला, "मला ऐकू आलं न्हाई रं. तू बोलला असशील, पर मला काय ऐकू आलं न्हाई."

नथू आणि शिदू तिथंच होते. पावसाच्या आवाजात त्यांनी मागून काही ऐकलेलं नव्हतं. डोलीचं कापड बाजूला करून बाईसाहेब बघत होत्या; गड्यांच्या हाळ्यांकडं त्यांचं कधी लक्ष नसायचं. सगळे कोंडाजीकडं बघत होते असं कोंडाजीला वाटलं. खरं तर कुणी बघत नव्हतं.

"व्हय," कोंडाजी म्हणाला. "बोललो व्हतो."

हे तीन शब्द बोलायला किती वेळ लागतो? एका श्वासात झालं. पुढं दीड महिना ते त्याच्या गळ्यात अडकून राहिले.

हाडवैद्यानं येऊन मांडी ओढून बसवली. चौघांनी आबाला धरलं होतं, त्यात डोक्याशी कोंडाजी होता. आबा ओरडला नाही, त्यानं कोंडाजीचं मनगट धरलं आणि बोटं रुतवली. वळ दोन दिवस दिसत होते. बांबूच्या कामट्या बांधून आबाला पडवीत निजवलं. तिसऱ्या दिवशी बंगल्यातून माणूस आला, त्याच्या हातात एक लाल कांबळं होतं, नवं, जाड लोकरीचं. बाईसाहेबांनी ते कोंडाजीला पाठवलं होतं. बूटवाल्यानं मला वाचवलं, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. कोंडाजीनं ते कांबळं आबाच्या अंगावर टाकलं. स्वतः त्यात एकदाही शिरला नाही.

अड्ड्यावर बोललं जायचं ते वेगळंच. "म्हातारा बहिरा झाला," दत्तोबा म्हणायचा. "पोरगं वरडतंय निसर निसर, आन् ह्यो आपला चाललाय. नशीब ते पोरगं खमकं." हे बोलणं वाडीत पोचायला कितीसा उशीर? चार दिवसांत सगळ्या वाडीला आबा बहिरा झाल्याचं ठाऊक झालं. नथू बघायला यायचा तो दारातूनच बोंबलायचा, "आबाऽ, बरं हाय का?" मावशी कानाशी तोंड नेऊन पेज हवी का विचारायची. शेजारची पोरंही ओरडून बोलायची आणि मग आपसांत खिदळायची.

आबा आधी म्हणायचा, "येतंय मला ऐकू." मग म्हणेनासा झाला. मग त्याला स्वतःलाच खात्री वाटेना. कुणी काही विचारलं की तो लगेच उत्तर देत नसे, समोरच्याच्या ओठांकडं बघत राही, आपण बरोबर ऐकलं का याचा अंदाज घेई. जो माणूस डोलीच्या मागं पावसात पुढच्याचा श्वास ऐकायचा तो आता कान पारखायला पडवीत पडून उखळातल्या मुसळाचे ठोके मोजायचा. कोंडाजीनं ते एकदा पाहिलं. आबाचे ओठ हलत होते, बारा, तेरा, चौदा. मुसळ थांबलं तसा तो हळूच रतनबाईला म्हणाला, "किती घाव घातलंस पोरी?" तिला कुठलं मोजलेलं असणार? ती आपली मोठ्यानं म्हणाली, "दमा जरा मामंजी, व्हईल भाकरी."

एका दुपारी आबानं कोंडाजीला जवळ बसवलं.

"त्या दिशी कसा बोललास? मोठ्यानं का बारीक?"

"नेहमीसारखा."

"कितीदा?"

कोंडाजीनं आबाच्या अंगावरचं कांबळं सारखं केलं. "दोनदा," तो म्हणाला.

"दोनदा," आबा म्हणाला आणि त्यानं तोंड भिंतीकडं केलं. "दोनदा बोललास आन् मला एकदा बी ऐकू येऊ नये."

कोंडाजी उठून खाचराकडं गेला आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात वाकून राहिला. बेणायला काही उरलं नव्हतं, तरी तो चिखलात हात घालून बसला. लाज वाटत होती, नुसती लाज. किती वेळा तोंडाशी आलं की सांगावं. पण सांगायचं म्हणजे आधीचं खोटं, त्यावरचं खोटं, कांबळं, मुकादमाची शाबासकी, सगळंच उलगडायचं. दर दिवसाबरोबर ते वाढतच होतं.

कामावर वेगळाच घोळ झाला. आबाच्या जागी मागं शिदू यायला लागला. पायात बूट आणि मनात धास्ती, अशा कोंडाजीला पायाखालचं कळेना म्हणून तो सगळीकडंच बोलायला लागला. सपाटीला निसर, चढाला निसर, कोरड्या मुरमावर निसर. शिदूनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी डोली टेकवल्यावर तो म्हणाला, "भाऊ, एक बोलू का?"

"बोल की."

"समद्या वाटंला निसर म्हनतोस. मग मी पाय कुटं देऊ? हे तुझं बोलनं आन् न बोलनं मला सारखंच."

शिदू साधा माणूस, त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण कोंडाजीनं बुटातले पाय पटकन मागं ओढले. त्यावरून शिदूच्या काहीतरी ध्यानात आलं असावं, कारण त्यानं एकदा बुटांकडं बघितलं, एकदा कोंडाजीकडं, आणि तंबाखू काढून मळत बसला.

पितृपक्ष लागला त्या सुमारास रतनबाई एकदा हसत हसत सांगायला आली. "अवो, मामंजींची गंमत बघा. तुमी पायरी चढत व्हता, आन् हितं पडवीत पडल्या पडल्या म्हनत्यात, कोंडाच्या डाव्या बुटाचा टाचंकडचा खिळा गेला. बघा बरं."

कोंडाजीनं बूट उलटा केला. टाचेकडचा एक खिळा गळाला होता, भोकात चिखल भरला होता.

तो तसाच आबापाशी गेला. "आबा, तुमाला तर समदं ऐकू येतंय की."

आबानं त्याच्या ओठांकडं बघत ऐकून घेतलं. मग मान हलवली. "लोखंडाचा आवाज येतोय बाबा. मानसाचा न्हाई येत. म्हातारपनी व्हत असंल असं." आणि थोडं थांबून म्हणाला, "माझं एक काम कर. बाईसाहेब मुंबईला जायच्या आत मला त्यांच्या बंगल्यावर ने. पाय धरून माफी मागतो. तीस वरसांत एकदा मानूस पडायची पाळी आली, ती बी माझ्या कानापायी. हे असंच ठिवून मला मरायचं न्हाई."

"तुमी कशाला माफी मागायची आबा?"

"मग कुनी मागायची?"

कोंडाजी हातातल्या बुटाच्या भोकातला चिखल काडीनं उकरत बसला.

घटस्थापनेच्या आधी दोन दिवस, पाऊस उघडझाप करत असताना, आबाला डोलीत बसवलं. जन्मात पहिल्यांदाच तो डोलीत बसत होता. पाय लांब करून ठेवला, अंगावर ते लाल कांबळं घातलं. मावशीनं त्याला धुतलेलं मुंडासं बांधलं. ज्यानं तीस वर्षं माणसं वाहिली त्याला आत बसायला इतकं कानकोंडं झालं होतं की तो वाडीतल्या कुणाकडं बघेना. मागं शिदू उभा राहिला. कोंडाजी दांड्याखाली वाकला आणि पुन्हा सरळ झाला. त्यानं बूट काढले, दारातच ठेवले.

"पाय सोलतील," मावशी म्हणाली. "सवय मोडली तुझी."

"मोडू दे," तो म्हणाला.

आणि सोललेच. बुटात राहून तळवे पांढरे, मऊ झाले होते. प्रत्येक खडा थेट काळजात जायचा. पण पाय पुन्हा बघायला लागला. ओलं कळायला लागलं, कोरडं कळायला लागलं, दगड सुटा आहे की रुतलेला हे अंगठा सांगायला लागला. कोंडाजी जरूर तेवढंच बोलत होता. "गोटा." मागून शिदू म्हणायचा, "आलं." "वव्हळ." "आलं." डोलीत आबा कान देऊन बसला होता.

मग ती उतरण आली. कोंडाजीनं पहिलं पाऊल टाकलं आणि पायाखालची भुई तेल ओतल्यासारखी सरकली. त्याची बोटं आपोआप आत वळली.

"निसर," तो म्हणाला. नेहमीच्याच आवाजात.

"आलं," मागून शिदू म्हणाला.

"ऐकू आलं," डोलीतून आबा म्हणाला.

कोंडाजी थांबला. पाऊस भुरभुरत होता, त्या दिवसासारखाच कापडावर वाजत होता.

"लख्ख ऐकू आलं," आबा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, लहान पोराला व्हावा तसा. "बारीक बोललास तरी आलं. कोंडा, पुन्यांदा बोल बरं."

दांडा खांद्यावर, मान वाकडी, मागं वळायची सोय नाही. समोर उतरण आणि खाली तलावाचं करडं पाणी. तो त्या पाण्याकडं बघत म्हणाला, "आबा, त्या दिशी म्या बोललोच न्हाई."

मागं शिदूनं दांड्याखाली खांदा सावरला, तेवढीच हालचाल झाली.

"बुटातनं मला निसर लागलंच न्हाई. मी गप चाललो. तुमी पडला तवा खोटं बोललो. दोनदा म्हनलं ते बी खोटं. तुमचं कान चांगलं हाईत आबा. माझंच..." रडू आलं ते त्यानं तसंच येऊ दिलं, पुसायला हात मोकळे नव्हते.

शिदूचा श्वास ऐकू येत होता.

"चला," शेवटी आबा म्हणाला. "मानूस वज्जं घेऊन उभं हाय मागं."

बंगल्याच्या ओटीवर बाईसाहेब खुर्चीत बसल्या होत्या. दत्तोबा मुकादमही होता. परत जाताना स्टेशनापर्यंत डोली लागणार, तिचं ठरवायला आला होता. आबाला बघून बाईसाहेब खुर्चीच्या हातावर जोर देऊन अर्ध्या उठल्या.

"महिपती, अरे तू कशाला आलास या पायानं?"

दत्तोबा मोठ्यानं म्हणाला, "त्याला ऐकू जात न्हाई बाईसाहेब, मोठ्यानं बोला."

आबानं हात जोडले. मग कोंडाजीकडं न बघता म्हणाला, "मी मागचा गडी. पुढच्यानं बोलायचं असतं. तो बोलंल."

कोंडाजी बोलला. अड्ड्याच्या मुकादमासमोर, बाईसाहेबांसमोर, ओटीखाली चिखलाच्या पायांनी उभं राहून त्यानं सगळं सांगितलं, खिळ्यांपासून ते कांबळ्यापर्यंत. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. बाईसाहेबांनी त्याच्या सोललेल्या पायांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आणि मी सगळ्यांना सांगत सुटले होते." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं कोंडाजीला वाटलं.

दत्तोबाचं तोंड उतरलं होतं. त्यानं कोंडाजीला त्याच्या नावाची डोली देणार नाही असं काही म्हटलं नाही. म्हणाला, "आतापासनं शिदू पुढं. तू मागं." आणि मग आबाकडं वळला, ओरडायला तोंड उघडलं, आणि लक्षात येऊन साध्या आवाजात म्हणाला, "आबा, चुकलो."

परत निघताना शिदू दांड्याच्या पुढच्या टोकाला गेला आणि कोंडाजी मागं. कितीतरी दिवसांनी तो मागं आला होता. समोर डोलीचं कापड, वर शिदूच्या डोक्याचं फाटकं फडकं. आपला पाय कुठं पडतोय ते दिसेना. आबा पाठमोरा, कांबळ्यात लपेटलेला. कापडाच्या फटीतून त्याची मान तेवढी दिसत होती, म्हातारी, बारीक, दांड्यानं उजव्या बाजूला घट्टा पडलेली.

चढणीला लागताच शिदू म्हणाला, "निसर."

कोंडाजीनं आधी पाय चाचपला. तेवढ्यात डोलीतून आबा म्हणाला, "आलं." तीस वर्षांच्या सवयीनं आपसूक आलं असेल, नाहीतर मुद्दाम म्हणाला असेल. पुढं "गोटा" आलं, त्यालाही आबानंच "आलं" म्हटलं. वाडी येईपर्यंत दर हाळीला तोच उत्तर देत होता आणि कोंडाजी मुकाट्यानं पाय जपून टाकत होता. त्याखेरीज आबा त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

अंगणात डोली टेकवली. मावशी लगबगीनं पुढं आली, वाकली, आबाच्या कानाशी तोंड नेऊन सवयीनं मोठ्यानं म्हणाली, "च्या ठिवू काऽ?"

आबा डोळे मिटून बसला होता.

"हळू बोल," तो म्हणाला. "मला ऐकू येतंय."

मावशी तशीच वाकलेली राहिली. तिनं आबाकडं बघितलं, मग डोलीच्या मागं उभ्या असलेल्या कोंडाजीकडं, मग दारातल्या त्या बुटांकडं. आत जाऊन तिनं चुलीवर आधण ठेवलं, आणि ते उकळायच्या आत कोंडाजी तिच्यामागं आत गेला आणि तिलाही सगळं सांगायला लागला.